‘हद्द’ या पदाचे तीन अर्थ : शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामासंबंधी एक विवेचन

शेजाऱ्याची भिंत, पायरी, पडवी अथवा सज्जा आपल्या जागेत आला आहे, ही तक्रार ज्या गावात ऐकू येत नाही असे गाव महाराष्ट्रात विरळाच. वरवर पाहता या तक्रारीचे स्वरूप अगदी साधे आहे. रेषा एक, तिच्या दोन बाजूंस दोन मालक, आणि त्यांपैकी एकाने ती ओलांडली, एवढाच काय तो प्रश्न. असे असूनही हे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. त्यांत गुंतलेली माणसे पुष्कळदा खोटे बोलणारीही नसतात. दोन्ही पक्ष शपथेवर ‘माझी हद्द येथपर्यंत आहे’ असे सांगतात आणि दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे खरेच सांगत असतात. हे कसे संभवते, याचा विचार करणे अवश्य आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठीत ‘हद्द’ हे एकच पद तीन भिन्न वस्तूंचा निर्देश करते : दस्तात लिहिलेली हद्द, मोजणीने ठरलेली हद्द आणि वहिवाटीने चालत आलेली हद्द. या तिन्ही एका जागी पडल्या तर वाद उद्‌भवतच नाही. त्या एकमेकींपासून हात-दोन हात सरकल्या की प्रत्येक पक्ष आपल्या सोयीची एक उचलतो आणि तिलाच ‘हद्द’ म्हणतो. कायद्यात मात्र या तिहींसाठी पुरावे निराळे, अधिकारी निराळे आणि मुदतीही निराळ्या आहेत. म्हणून ज्यास हा वाद मिटवावयाचा आहे त्याने प्रथम पदाची फोड केली पाहिजे. अर्ज व दावे यांची पाळी त्यानंतरची.

विवेचनासाठी पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव दृष्टीसमोर ठेवले आहे. आजच्या खारघर उपनगरास लागून असलेले हे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या क्षेत्रात समाविष्ट झाले. भाताची शेते, गावठाण, नव्या नगराचे आखीव भूखंड आणि महानगरपालिका हे चार थर या परिसरात एकाच माणसाच्या हयातीत एकमेकांवर बसले आहेत. हद्दीची तिन्ही रूपे एकत्र पाहावयाची असतील तर अशा ठिकाणाइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

१. शब्दांची परंपरा

मराठीतील सीमावाचक शब्दांत सर्वांत जुना शब्द ‘शीव’ हा होय. संस्कृत ‘सीमा’ या शब्दापासून तो नियमित ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध झाला आहे. स्वरमध्यस्थ ‘म’काराचा सानुनासिक ‘व’ होणे हे ‘ग्राम – गाव’ आणि ‘नाम – नाव’ या जोड्यांत दिसते. इकार-एकारापूर्वीच्या ‘स’काराचा ‘श’ होणे हे ‘सिन्दूर – शेंदूर’ या जोडीत दिसते. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सीमेवरील वस्तीस ‘शीव’ हे नाव याच अर्थाने मिळाले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. शीव ही गावाची असते. घराची शीव किंवा अंगणाची शीव असा प्रयोग स्वाभाविक मराठीत होत नाही. दोन गावांमधील सीमेची कल्पना सामुदायिक होती आणि तिची राखणही समाजाकडे होती. शीव दाखविण्याचे काम परंपरेने महार वतनदारांकडे असे. ही कनिष्ठ वतने १९५८ च्या अधिनियमाने नष्ट झाली.

दुसरा शब्द ‘बांध’. हा ‘बन्ध’ या शब्दापासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ सीमेचा नाही, तर अडविण्याचा आहे. कोकणातील भातखाचरात बांध हा प्रथमतः पाणी राखतो आणि त्या ओघात दोन खाचरे वेगळी करतो. यामुळे बांधाला रुंदी असते. तो स्वतः जागा व्यापतो, त्यावर गवत उगवते, माणसे त्यावरून चालतात. ‘बांध कोरणे’ हा वाक्प्रचार याच वस्तुस्थितीतून निघाला. दरवर्षी नांगराच्या एका तासाने बांध आतून खात गेले तरी बांध शिल्लकच राहतो. फक्त तो हळूहळू सरकतो. ज्याला रुंदी आहे अशा सीमेचे अतिक्रमण एका दिवसात होत नाही, म्हणून ते कोणत्या दिवशी झाले हे सांगताही येत नाही.

तिसरा शब्द ‘हद्द’ हा अरबी असून फारसीच्या द्वारे राज्यकारभारात व तेथून बोलीत रुळला. हा शब्द अमूर्त आहे. ‘सहनशक्तीची हद्द’ किंवा ‘हद्दपार’ हे प्रयोग होऊ शकतात. ‘सहनशक्तीचा बांध’ फुटतो, परंतु बांधपार कोणी होत नाही. हद्दीला रुंदी नाही, तिच्यावर गवत उगवत नाही. नकाशावरील रेषेला शोभेल असा शब्द भाषेत होता तो हाच, आणि म्हणूनच मोजणी खात्याने व न्यायालयांनी तोच पत्करला. परिणाम असा झाला की, शेतकऱ्याच्या मनातील रुंद बांध आणि मोजणीदाराच्या कागदावरील रुंदीहीन रेषा या दोहोंना एकच नाव पडले.

घराच्या बाबतीत याहून सूक्ष्म शब्द प्रचारात आहेत. कौलारू किंवा गवती छपराचा जो भाग भिंतीच्या बाहेर झुकतो त्याखालची जागा ती ‘वळचण’; आणि त्याच्या कडेवरून पावसाच्या ज्या धारा गळतात त्या ‘पागोळ्या’. कोकणातील पावसात भिंत वाचवावयाची तर छप्पर बाहेर काढावेच लागते, आणि पागोळ्यांचे पाणी आपल्याच जागेत पडावे म्हणून भिंतीबाहेर एक पट्टी मोकळी सोडावी लागते. तेव्हा प्रश्न असा की घराची हद्द कोणती, भिंतीची की पागोळीची? जुन्या घरधन्यास हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याच्यापाशी दोन वस्तूंसाठी दोन शब्द होते.

२. पागोळीपासून भिंतीपर्यंत

आजच्या पुष्कळशा तक्रारी नेमक्या याच ठिकाणी जन्म घेतात. मातीच्या भिंतींचे कौलारू घर पाडून त्या जागी सिमेंट-काँक्रीटचे घर उभे राहते. सपाट छतास वळचणीची गरज नसते. घरमालक विचार करतो की, पागोळीपर्यंतची जागा आपलीच होती, तेव्हा भिंत तेथपर्यंत नेण्यास हरकत काय? त्याच्या दृष्टीने त्याने आपलीच मोकळी जागा भरून काढली. शेजाऱ्यास मात्र भिंत दोन फूट पुढे आलेली दिसते. त्यातच नव्या घराचा सज्जा त्या भिंतीच्याही बाहेर निघतो आणि छताच्या नळाचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडू लागते. पूर्वी जेथे पागोळी पडे तेथे आता भिंत आहे, आणि जेथे काहीच पडत नव्हते तेथे आता पागोळी आहे.

या प्रसंगात कायदा दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो. पहिला, ज्या पट्टीवर भिंत आली ती पट्टी कोणाच्या मालकीची? दुसरा, ती पट्टी शेजाऱ्याच्या मालकीची असल्यास घरमालकास तिच्यावर केवळ पाणी सोडण्याचा हक्क होता काय? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा मुंबई इलाख्यास १८९१ साली लागू झाला. दुसऱ्याच्या जमिनीचा उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून व अखंड वीस वर्षे एखाद्या विशिष्ट प्रकारे उपयोग केला असेल तर तेवढ्यापुरता हक्क त्या अधिनियमाने प्राप्त होतो. पागोळीचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत पाडण्याचा हक्क अशा रीतीने मिळू शकतो. परंतु पाणी पाडण्याचा हक्क म्हणजे भिंत बांधण्याचा हक्क नव्हे. सुविधाधिकारामुळे मालकी बदलत नाही. मालक शेजारीच राहतो. साक्षीदार ‘आमची पागोळी तेथपर्यंत पडत असे’ असे म्हणतो आणि लेखनिक ‘आमची हद्द तेथपर्यंत होती’ असे लिहून घेतो, तेव्हा एका शब्दाच्या बदलाने सुविधाधिकाराचे रूपांतर मालकीत होते. साक्षीच्या नोंदीत बोलीतील शब्द जसाच्या तसा ठेवण्याचे महत्त्व यावरून कळून येईल.

३. सीमानिर्णयाची जुनी व नवी साधने

हा भेद आपल्या परंपरेस अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमाविवादाचे सविस्तर विवेचन आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर यांसारखे दीर्घायुषी वृक्ष लावावेत, आणि माणसे सीमेविषयी नेहमी गोंधळात पडतात म्हणून दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशी न कुजणारी द्रव्ये जमिनीत पुरून गुप्त खुणाही ठेवाव्यात, असे तेथे सांगितले आहे. निर्णय ज्येष्ठ महिन्यात, सीमाचिन्हे स्पष्ट दिसत असताना करावा, असाही निर्देश आहे. राजाने निर्णयासाठी कोणत्या गोष्टी पाहाव्यात? चिन्हे, पूर्वापार भोग आणि पाण्याचा प्रवाह. त्यांवरूनही संशय न फिटल्यास साक्षीदार. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही सीमाविवादाचे स्वतंत्र प्रकरण असून विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत त्यावर भाष्य आहे. चिन्ह आणि भोग यांना शास्त्रकारांनी एका शब्दात कोंबले नाही, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. मराठेशाहीत अशा वादांचा निर्णय गोतसभेसमोर होऊन त्याचा महजर लिहिला जाई. तेथेही निर्णयाचा आधार खुणा व जाणत्यांची साक्ष हाच होता.

एकोणिसाव्या शतकात याहून वेगळे असे साधन आले. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून जी महसुली मोजणी आरंभिली तिने प्रत्येक शेतास क्रमांक दिला. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब-रुंद असा एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. या मोजणीने हद्द ही स्मृतीतून काढून कागदावर आणली. तिचा हेतू महसूल ठरविण्याचा होता. दोन भावांच्या घरांमधील दोन फुटांचा वाद सोडविण्याचा नव्हता. त्यामुळे शेतांच्या हद्दी कागदावर आल्या, परंतु गावठाणातील घरे पुष्कळ ठिकाणी त्या कागदाबाहेरच राहिली.

४. तीन हद्दी, तीन पुरावे

आता तिन्ही अर्थ क्रमाने पाहू.

(अ) दस्तातील हद्द. खरेदीखतात किंवा वाटणीपत्रात चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस गल्ली, दक्षिणेस तमक्याची मोकळी जागा, उत्तरेस विहीर. ही वर्णनपद्धती सापेक्ष आहे. ‘पूर्वेस अमक्याचे घर’ या निर्देशात आपली सीमा शेजाऱ्याच्या घरावरून ठरते, आणि शेजाऱ्याच्या दस्तात त्याची सीमा आपल्या घरावरून. दोन्ही घरे पुढे सरकली तरी दोन्ही दस्त अक्षरशः खरेच राहतात. येथे वाचनाचा नियम असा की, ‘घर’ म्हणजे दस्ताच्या दिनांकास उभे असलेले घर. आज उभे असलेले नव्हे. म्हणून त्या काळचे छायाचित्र, घरपट्टीच्या नोंदीतील लांबी-रुंदी, जुन्या जोत्याचे अवशेष यांना पुराव्याचे मूल्य येते. दस्तातील क्षेत्रफळ व चतुःसीमा यांच्यात विरोध आल्यास, चतुःसीमा निश्चित स्वरूपाच्या असतील तर, सामान्यतः त्यांना अधिक वजन दिले जाते, हेही ध्यानात असावे.

(आ) मोजणीची हद्द. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या नवव्या प्रकरणात हद्दी व हद्दीच्या निशाण्या यांविषयी तरतुदी आहेत. भूमी अभिलेख खात्याकडे अर्ज केल्यास लगतधारकांना नोटीस देऊन मोजणी होते, निशाण्या दाखविल्या जातात, आणि तिचा नकाशा, म्हणजे व्यवहारातील ‘क प्रत’, अर्जदारास मिळतो. ही मोजणी मूळ टिपण, फाळणी अशा अभिलेखांवरून करावयाची असते. तिच्याविषयी असमाधान असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. तीस ‘निमताना मोजणी’ म्हणतात. या प्रकरणाखाली हद्द रीतसर ठरली म्हणजे ती त्या जमिनीपुरती निर्णायक मानली जाते, आणि जी जमीन आपली नाही असे ठरले ती बेकायदा ताब्यात ठेवणाऱ्यास संक्षिप्त रीतीने काढून टाकण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. ही शक्ती पुष्कळांस माहीत नसते. परंतु ती वापरता येण्यासाठी मुळात त्या जागेचे भूमापन झालेले असावे लागते.

(इ) वहिवाटीची हद्द. मुदत अधिनियम, १९६३ अन्वये मालकी हक्काच्या आधारे स्थावराचा ताबा मागण्याची मुदत, समोरच्याचा कब्जा प्रतिकूल झाल्यापासून, बारा वर्षे आहे. ती उलटली की केवळ दाव्याचा मार्गच नव्हे, तर त्या जागेवरील हक्कही लोप पावतो. ७ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजित कौर या प्रकरणी असा निर्णय दिला की, प्रतिकूल कब्जाने हक्क मिळविलेला इसम स्वतः वादी म्हणूनही तो हक्क सांगू शकतो. तेव्हा ‘भिंत बांधली आहे, पण जागा कागदावर माझीच आहे’ या समाधानावर स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. कागदावरची हद्द जागच्या जागी राहते आणि हक्क मात्र भिंतीबरोबर सरकतो.

५. ‘जागा आपलीच आहे’

प्रतिकूल कब्जा म्हणजे मालकाच्या हक्कास नाकारून, उघडपणे व अखंड धरलेला ताबा. परवानगीने धरलेला ताबा, तो कितीही वर्षांचा असला तरी, प्रतिकूल ठरत नाही. यामुळे परवानगी कोणत्या शब्दांत दिली गेली हा प्रश्न निर्णायक होतो. आणि येथे मराठी सर्वनामांची व्यवस्था अनपेक्षितपणे पुढे येते.

गावठाणातील शेजारी हा बहुधा भाऊबंद असतो. पुतण्या विचारतो, ‘काका, पायरी जरा पुढे घेऊ का?’ काका म्हणतात, ‘घे रे, जागा आपलीच आहे.’ मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद आहे : ‘आम्ही’ मध्ये श्रोता वगळला जातो, ‘आपण’ मध्ये तो सामावला जातो. त्याशिवाय ‘आपला’ हे पद स्ववाचकही आहे आणि आदरार्थी द्वितीय पुरुषीही. म्हणजे ‘जागा आपलीच आहे’ या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात : ती तुझी-माझी मिळून आहे, ती माझीच आहे, तेव्हा काळजी नको, ती तुमचीच आहे. काकांनी पहिल्या किंवा दुसऱ्या अर्थाने उच्चारलेले वाक्य पुतण्याच्या मुलापर्यंत पोहोचते तेव्हा ते तिसऱ्या अर्थाने पोहोचलेले असते. मधल्या काळात पायरीची ओटी होते आणि ओटीची खोली.

कायद्याच्या दृष्टीने या वाक्याने मालकी जाऊ शकत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे स्थावराचे दान नोंदलेल्या व साक्षांकित दस्तानेच होते. तेव्हा काकांचे बोलणे ही फार तर अनुज्ञा ठरते. अनुज्ञा सामान्यतः परत घेता येते. परंतु सुविधाधिकार अधिनियमाच्या साठाव्या कलमानुसार, अनुज्ञेवर विसंबून घेणाऱ्याने खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले असल्यास ती परत घेता येत नाही. यातून एक चमत्कारिक पेच निर्माण होतो. पुतण्याने ‘काकांनी परवानगी दिली होती’ असे म्हटले तर तो प्रतिकूल कब्जाचा आधार गमावतो, परंतु साठाव्या कलमाचा मिळवितो. ‘मी कोणालाही विचारले नव्हते’ असे म्हटले तर उलट होते. दोन्ही भूमिका एकाच वेळी टिकत नाहीत. म्हणून नोटिशीचे पहिले उत्तर विचारपूर्वक वाचले पाहिजे. पुढील सारा वाद कोणत्या मार्गाने जाणार हे बहुधा त्यातील एका क्रियापदावरून कळते.

तद्वतच मौनाचाही अर्थ लावला जातो. भिंत डोळ्यांदेखत उभी राहत असता जो गप्प बसला त्यास पुढे ती पाडण्याचा आदेश मागताना न्यायालय त्याच्या मौनाचा जाब विचारते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ प्रमाणे मनाई हुकूम हा न्यायालयाच्या विवेकाधीन असून, ज्या चालू उल्लंघनास वादीने मूक संमती दिली ते थांबविण्यासाठी तो नाकारता येतो. बांधकाम जोत्याच्या पातळीवर असताना केलेली हरकत आणि छत पडल्यावर केलेली हरकत यांचे मोल सारखे नाही.

६. ओव्यासारख्या गावठाणाची विशेष अडचण

नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली, आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. पनवेल तालुक्यातील या पट्ट्यातली गावे त्यांत होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासई परिसरातील आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. शेते गेली, गावठाण उरले, आणि कुटुंबे वाढत गेली. वाढीस जागा उरली ती दोन घरांमधील पट्टीचीच, किंवा गावठाणाबाहेरच्या संपादित जमिनीची.

यातून दोन नावांचा झगडा सुरू झाला. शासकीय भाषेत अशा बांधकामास ‘अतिक्रमण’ म्हणतात. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. पाऊल रेषेपलीकडे पडले, असा आरोप त्या शब्दातच आहे. ग्रामस्थांनी त्याच बांधकामास ‘गरजेपोटी बांधलेले घर’ असे नाव दिले. हे नाव रेषेविषयी काहीच बोलत नाही. ते कारण सांगते. २०२२ साली शासनाने अशा घरांच्या नियमितीकरणाचा निर्णय काढला तेव्हा हे लोकांचे नाव शासनव्यवहारातही स्थिरावले होते. परंतु येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. नियमितीकरणाने सुटतो तो घरमालक आणि सार्वजनिक प्राधिकरण यांच्यामधील प्रश्न. त्या घराची भिंत शेजाऱ्याच्या पट्टीवर असेल तर शेजाऱ्याचा हक्क त्या निर्णयाने नाहीसा होत नाही. गरज हे शासनापुढील उत्तर आहे. शेजाऱ्यापुढील नव्हे, कारण गरज त्यालाही आहे.

दुसरी अडचण अभिलेखाची. गावठाणातील घरांना सातबारा नसतो. नगरभूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिका असते. नसेल तर हाती राहते ती घरपट्टीची नोंद. ही नोंद कर कोणाकडून घ्यावयाचा हे सांगते, मालक कोण हे सिद्ध करीत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ग्रामीण गावठाणांचे ड्रोनद्वारे मापन आरंभिले. महानगरपालिकेत गेलेल्या गावांस मात्र जमीन महसूल संहितेखालील नगरभूमापनाचीच वाट आहे. अशा मापनाच्या वेळी जी भिंत जेथे उभी असेल तेथेच ती नकाशावर उमटते. तेव्हा चौकशीच्या वेळी हरकत न नोंदविणाऱ्याची वहिवाटीची तक्रार पुढे मोजणीच्या पुराव्याशी झुंजत राहते.

७. व्यवहारातील क्रम

वरील विवेचनावरून कृतीचा एक क्रम निघतो. प्रथम तिन्ही हद्दी वेगवेगळ्या लिहून काढाव्यात : दस्त काय म्हणतो, नकाशा काय म्हणतो, वस्तुस्थिती काय आहे व केव्हापासून. त्यानंतर शेजाऱ्याशी प्रत्यक्ष बोलून, ते बोलणे दिनांकासह पत्रात उतरवावे. या पहिल्या पत्रात ‘अतिक्रमण’ हा शब्द न घालता मापे घालावीत. ‘आपण अतिक्रमण केले’ या वाक्यास नकाराखेरीज उत्तर नाही. ‘आपल्या नव्या भिंतीची बाहेरील कड माझ्या जुन्या जोत्यापासून तीन फुटांवर आहे, पूर्वी हे अंतर पाच फूट होते’ या वाक्यास मोजपट्टीने उत्तर द्यावे लागते.

मोजणी शक्य असेल तेथे ती संयुक्त अर्जाने करून घेणे उत्तम. दोघांनी मागितलेल्या मोजणीचा निकाल दोघांस नाकारणे जड जाते. तडजोड झाली, उदाहरणार्थ पट्टीच्या मोबदल्यात पैसे किंवा दुसऱ्या बाजूची पट्टी देण्याचे ठरले, तर ते नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे नोंदलेल्या दस्ताने करावे. साध्या कागदावरील तडजोड ही पुढील पिढीच्या वादाची सामग्री होते. दावा आधीच चालू असल्यास लोकअदालतीतील निवाडा हा दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्यासमान असून त्यावर अपील होत नाही.

तडजोड न झाल्यास मुदतींकडे लक्ष द्यावे. जबरदस्तीने ताबा हिरावला असेल तर केवळ ताब्याच्या आधारे तो परत मागण्याचा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. शेतजमिनीत पाण्याची किंवा वहिवाटीच्या रस्त्याची वाट अडविली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खालील अर्जासही सहा महिन्यांचीच मुदत आहे. मालकीच्या आधारे ताब्याचा दावा, भिंत काढण्याचा आदेश व पुढील बांधकामास मनाई ही मागणी दिवाणी न्यायालयात करावयाची. तेथे न्यायालय बहुधा मोजणीसाठी आयुक्त नेमते. बांधकाम विनापरवाना असल्यास नियोजन प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, परंतु परवान्याचा प्रश्न आणि मालकीचा प्रश्न हे निराळे आहेत : परवाना असलेली भिंतही शेजाऱ्याच्या जागेत असू शकते. स्वतः भिंत पाडणे हा मार्ग मात्र नव्हे. त्याने मालकाचाच आरोपी होतो.

८. उपसंहार

‘हद्द’ या शब्दाने तीन वस्तू झाकल्या जातात, हे दाखविण्याचा येथवर प्रयत्न केला. यातून अभ्यासकांसाठी एक कामही निघते. वळचण, पागोळी, बांध यांसारख्या शब्दांचा कोशातील अर्थ आपणास ठाऊक आहे. परंतु एखाद्या गावात पागोळीपलीकडे किती जागा सोडीत, बांधाचा कोणता काठ कोणाचा मानीत, सामायिक भिंतीस काय म्हणत, ही माहिती कोशात नाही. ती साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी आहे. पनवेल, उरण, पेण या तालुक्यांतील गावठाणांतून ती वेळीच नोंदविली, आणि प्रत्येक शब्दासमोर जागेचे माप, सांगणाऱ्याचे वय व नोंदीचा दिनांक लिहिला, तर भाषाशास्त्रास एक शब्दसंग्रह मिळेल. गावठाणांची मापने होत असताना त्या नोंदींचा उपयोग भाषाशास्त्राच्या बाहेरही होईल. भिंत मोजपट्टीने मोजता येते. ती उभी राहण्यापूर्वी तेथे काय होते हे मात्र शब्दांवरूनच कळते.